हजेरीला पैसा, सुधारणेला फुली

गुन्हा केलेल्या माणसाला कोंडून ठेवण्यासाठी आपले सरकार रोज पैसे मोजते. भिंत, बराक, भाकरी, पहारा, कोर्टात ने-आण करणारी गाडी, प्रत्येकासाठी अर्थसंकल्पात तरतूद आहे. तोच माणूस बाहेर आला, कामाला लागला, पुन्हा चोरीच्या वाटेला गेला नाही, तर ते घडवून आणणाऱ्याला कुणी एक रुपया जास्त देत नाही. तो पुन्हा आत गेला तर कुणाचा एक रुपया कापलाही जात नाही. उलट एक डोके वाढले म्हणून एका डोक्याचा खर्च वाढवून मिळतो. अपयशाला अनुदान आणि यशाला शून्य, असा हा हिशेब आहे. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे तो बिनबोभाट चालला, कारण तो तपासून पाहावा असे तुम्हाआम्हाला कधी वाटलेच नाही. गुन्हेगार सुधारू शकतो यावरच आपला विश्वास नाही, मग सुधारणेचा हिशेब मागणार कोण? माझा पहिला आरोप हाच आहे, आणि सरकारच्या आधी तो समाजावर आहे.

हे मी रुवैसहून लिहितो आहे. अबुधाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, अल धफ्रा भागात, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट असलेले हे तेलशुद्धीकरणाचे गाव. इथे मराठी माणसे आहेत. कुणी इंजिनियर, कुणी फिटर, वेल्डर, रिगर, कुणी सेफ्टीत. त्यांतल्या कुणालाही विचारा, इथे पैसा कशाचा मिळतो. नळ्यांचे काम घेतलेल्या कंत्राटदाराने शंभर माणसे उन्हात उभी केली, एवढ्यावर त्याचे बिल निघत नाही. जोडाचा एक्स-रे काढतात. नळीत पाणी भरून दाब चढवतात आणि काटा खाली उतरतो का, हे पाहत थांबतात. जोड टिकला तर बिल पुढे सरकते. तरीही काही रक्कम हमीची मुदत संपेपर्यंत मालक राखून ठेवतो. लोखंडाच्या नळीसाठी आपण एवढी काळजी घेतो. तुरुंगातून किंवा कोर्टातून समाजात परतणाऱ्या माणसासाठी मात्र वहीत ‘हजर’ एवढी नोंद आपल्याला पुरेशी वाटते.

या देशाने शिक्षेचा विचार गेल्या काही वर्षांत बदलला आहे. २०१६ च्या दुरुस्तीने संयुक्त अरब अमिरातीच्या दंडविधानात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेऐवजी किंवा दंडाऐवजी समाजसेवेची शिक्षा आली. २०१७ च्या फेब्रुवारीत दुबईच्या रस्त्यावर बेदरकार गाडी फिरवणाऱ्या तरुणांना तिथल्या शासकांनी महिनाभर रोज चार तास रस्ते झाडायला लावले, त्याची बातमी जगभर गेली. पुढच्या वर्षी कैदेऐवजी पायात इलेक्ट्रॉनिक कडे घालून नजरेखाली ठेवण्याची सोयही कायद्यात झाली. भारतानेही उशिरा का होईना, हीच दिशा धरली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आपल्या मूळ फौजदारी कायद्यात आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, अशा मोजक्या सहा गुन्ह्यांसाठी.

पाऊल चांगले आहे. पण हे काम कुठे करून घ्यायचे, देखरेख कुणाची, आणि ते करून माणसात काय फरक पडला हे कुणी पाहायचे, याबद्दल संहिता गप्प आहे. झाडू हातात घेतल्याचे तास मोजले जातील आणि तास भरले की फाइल बंद होईल. त्यानंतरच्या माणसाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही.

आपल्याकडे कायदा नाही अशी तक्रार करायला जागा नाही. मुंबई प्रांताने परिविक्षेचा, म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा, कायदा १९३८ सालीच केला होता. १९५८ साली केंद्राचा परिविक्षा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमाने कोर्ट दोषी माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. पाचव्या कलमाने त्याच्याकडून पीडिताला भरपाई देववू शकते. सहाव्या कलमाने, जन्मठेपेइतका गंभीर गुन्हा नसेल तर, एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाला लेखी कारणे द्यावी लागतात. तेराव्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थाही आपला माणूस परिविक्षा अधिकारी म्हणून देऊ शकते. चौदाव्या कलमात या अधिकाऱ्याची कर्तव्ये लिहिली आहेत: चौकशी करणे, देखरेख ठेवणे, गरज असेल तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणे, भरपाई भरायला मदत करणे. इतका माणुसकीचा कायदा आपल्या हातात साठ वर्षांहून अधिक काळ आहे. आणि देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस पावणेसहा लाखांच्या घरात माणसे होती. त्यांतली तीन चतुर्थांश अजून दोषीही ठरलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक माणसे कोंबलेली होती.

परिविक्षा अधिकाऱ्याचा दिवस कसा जातो ते पाहा. कोर्टाने अहवाल मागवला की तो एस.टी. पकडून तालुक्याच्या पलीकडच्या वस्तीवर जातो. आईशी बोलतो, पोलीस पाटलाला विचारतो, शाळेत जाऊन गुरुजींकडून मुलगा कधी गळला हे काढून घेतो, शेजाऱ्यांचे कान लागलेले असताना घरातल्या दारूबद्दल हळूच चौकशी करतो. एका दुपारच्या भेटीवर त्याने एका आयुष्याबद्दल मत द्यायचे असते. परत आला की टेबलावर बालन्याय मंडळाचे अहवाल, बालकल्याण समितीची पत्रे आणि महिला व बालविकास खात्याच्या योजनांचे तक्ते त्याची वाट पाहत असतात. बंधपत्रावर सुटलेल्या मुलाच्या घरी पुढच्या महिन्यात जायला त्याला वेळ कुठून मिळणार? वर्षाच्या शेवटी वरिष्ठ त्याला विचारतात: अहवाल किती दिले, भेटी किती झाल्या? ‘तुझ्या देखरेखीखालच्या माणसांपैकी किती उभे राहिले?’ हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात नाही. जो प्रश्न तक्त्यात नाही, त्याच्यासाठी झटणारा अधिकारी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीवर झटतो. सरकारच्या पैशाशी त्याचा संबंध नाही.

संस्थांचीही तीच कथा. बालगृहे चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना परिपोषण अनुदान मिळते ते दरडोई. मूल पटावर आहे तोवर पैसा आहे. मुलाला घरी पोहोचवले, आईवडिलांशी जुळवून दिले, कामाला लावले, तर डोके कमी आणि पैसाही कमी. संस्थाचालक कितीही सज्जन असो, व्यवस्था त्याच्या कानात रोज सांगत असते की मूल ठेवून घे. प्रामाणिक माणसाला स्वतःच्या अनुदानाविरुद्ध काम करायला लावणारी ही रचना आपण उभी केली आणि वर म्हणत राहिलो, संस्था भ्रष्ट आहेत!

डोकी मोजण्याची ही सवय जुनी आहे, आणि तिचा सर्वांत काळाकुट्ट धडा महाराष्ट्राच्या मातीत आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. लोक आजही तिला ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटा अशा जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवून तिथे ठेवली गेली. हजेरी द्यायची, पासाशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि सोलापूरच्या गिरण्यांत राबायचे. कागदावर या सगळ्याला सुधारणा असे नाव होते. माणूस हजेरीला आला म्हणजे सुधारला, गिरणीत गेला म्हणजे सुधारला. कुंपणाच्या आत जन्मलेल्या पोरावरही तोच शिक्का बसत होता, मग सुधारणा झाली कोणाची? ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि ही माणसे विमुक्त ठरली. पण सात वर्षांतच, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि गावात चोरी झाली की पहिल्यांदा पारध्याच्या पालावर धाड घालायची रीत आजही पूर्णपणे गेलेली नाही. अशाच जमातीत वाढलेल्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या. पुस्तकाचा सत्कार करायला आपल्याला सवड झाली. त्या वस्तीतल्या पोराला दुकानात कामाला ठेवायला मात्र झाली नाही.

आणि याच मातीत उलटा धडाही आहे. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत सुरू केली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाची शिक्षा झालेली माणसे शेती करत, बायकामुलांना जवळ ठेवत. औंधचे अप्पासाहेब पंत आणि गांधीजींच्या सहवासातले मॉरिस फ्रिडमन हे त्यामागचे लोक. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ याच प्रयोगातून सुचला. इथे यशाची कसोटी एकच होती: विश्वासाने बाहेर सोडलेला माणूस परत येतो का, आणि मोकळा झाल्यावर आपल्या पायांवर उभा राहतो का. सोलापूरने डोकी मोजली, स्वतंत्रपूरने माणूस पाहिला. दोन्ही प्रयोग आपल्याच घरातले. त्यांतला पहिला आपण नाव बदलून चालू ठेवला आणि दुसऱ्याचा सिनेमा पाहून घरी गेलो.

तेव्हा सरकारी पैसा निकालाशी बांधा, ही मागणी मी करतो. बाहेरच्या जगात ती नवी नाही. कॅलिफोर्नियाने १९६५ साली कायदा केला: जो जिल्हा गुन्हेगाराला राज्याच्या तुरुंगात न पाठवता स्वतःच्या देखरेखीत ठेवेल, त्याला प्रत्येकामागे चार हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळेल. २००९ साली त्याच राज्याने हा विचार सुधारून पुन्हा आणला. देखरेखीखालची माणसे अपयशी ठरून तुरुंगात जाण्याचे प्रमाण ज्या जिल्ह्यात घटेल, त्याला तुरुंगाच्या वाचलेल्या खर्चातला वाटा मिळेल असे ठरवले, आणि पहिल्याच वर्षी हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरले. इंग्लंडमध्ये पीटरबरो तुरुंगात २०१० साली आणखी वेगळा प्रयोग झाला. वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटणाऱ्या पुरुषांसाठी सतरा गुंतवणूकदारांनी, बहुतेक धर्मादाय संस्थांनी, पन्नास लाख पौंड घातले. पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण साडेसात टक्के घटले तरच सरकार पैसे परत करणार होते. ते नऊ टक्के घटले. पैसे परत मिळाले, वर थोडे व्याजही.

पण ही मागणी करताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत, कारण याच इंग्लंडने पुढे काय करून ठेवले तेही सांगायला हवे. २०१४ पासून तिथल्या सरकारने कमी आणि मध्यम धोक्याच्या गुन्हेगारांची देखरेख एकवीस कंपन्यांकडे दिली आणि पैशाचा काही भाग निकालावर ठेवला. अंदाजाइतकी माणसे आली नाहीत, कंपन्यांचे गणित बिघडले, आणि त्यांनी खर्च माणसांवरच कापला. अनेकांची देखरेख फोनवर आली. काही आठवड्यांतून एक फोन, तो उचलला की नोंद पूर्ण. २०१९ मध्ये त्यांतली एक मोठी कंपनी कोसळली, सरकारच्या स्वतःच्या मुख्य निरीक्षकांनी ही रचना दुरुस्त न होण्याइतकी सदोष आहे असा निर्वाळा दिला, आणि २०२१ च्या जूनमध्ये सगळे काम सरकारने परत आपल्याकडे घेतले. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगातला प्रयोग वेगळ्या रीतीने संपला. किशोर कैद्यांसाठी २०१२ साली एका बँकेने शहाण्णव लाख डॉलर कर्जाऊ दिले. स्वतंत्र तपासणीत मुलांच्या पुन्हा तुरुंगात येण्यात फरक दिसला नाही, म्हणून २०१५ साली तो बंद झाला. करदात्याला त्याची झळ बसली नाही, कारण निकाल नाही तर पैसा नाही असे आधीच ठरलेले होते. फसलेली योजना फसली असे उघड म्हणून ती बंद करण्याचे हे धैर्य महाराष्ट्रातल्या किती योजनांच्या वाट्याला आले?

आकड्याला पैसा बांधला की आकडाच कसा खोटा बोलू लागतो, हे समजायला रुवैसच्या कुठल्याही कामगाराला लंडनला जावे लागत नाही. बांधकामाच्या गेटवर मोठा फलक असतो: अपघाताशिवाय इतके लाख कामाचे तास. आकडा मोठा झाला की बक्षीस, जेवण, प्रशस्तिपत्र. उद्देश उत्तम आहे आणि त्या फलकाने अनेक जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. पण ज्या कामावर मुकादमाचे बक्षीस त्या आकड्यात अडकते, तिथे काय होऊ शकते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोट चिरडलेला माणूस दवाखान्याच्या वहीत चढत नाही. त्याला पट्टी बांधून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात, हातात रजिस्टर देतात, आणि फलकावरचा आकडा चढत राहतो. माणसाचे दुखणे आकड्याखाली गाडले जाते. सुधारणेच्या कामात हेच झाले तर संस्था आधीच सुधारलेली, शिकलेली, घर असलेली मुले वेचून घेतील आणि व्यसनी, बेघर, भटक्या जमातीतला मुलगा दारातूनच परत पाठवतील. आकडा सुंदर दिसेल आणि ज्याच्यासाठी हे सगळे मांडले, तो रस्त्यावरच राहील.

म्हणून पैसा कसा बांधायचा, याची अट मागणीइतकीच पक्की हवी.

पगार, प्रवास, कचेरी यांचा मूळ खर्च सरकारने आधी आणि वेळेवर द्यावा. निकालाचा पैसा त्याच्या वरचा असावा. दोन-दोन वर्षे अनुदान थकवून लहान संस्थेला निकाल मागणे हा निव्वळ अन्याय आहे. निकाल दोन वर्षे मोजावा आणि तो तशाच परिस्थितीतल्या, योजनेबाहेरच्या माणसांशी ताडून पाहावा. नाहीतर पावसाळा चांगला झाला आणि गावात काम निघाले, याचे श्रेयही कुणी लाटून जाईल. मोजणारा पैसा घेणाऱ्यांपैकी नसावा आणि पोलीसही नसावा. विद्यापीठाकडे, समाजकार्य महाविद्यालयाकडे हे काम द्यावे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंगातून सुटलेल्यांबरोबर काम करतो आहे. तो अनुभव हाताशी आहे. मोजायचे ते कोर्टाने दोषी ठरवणे, पोलिसांनी उचलणे नव्हे. ज्या पारध्याला संशयावरून वर्षात चारदा उचलतात, त्याच्या संस्थेचा पैसा कापला गेला तर पोलिसांच्या पूर्वग्रहाचा दंड सुधारकाला भरावा लागेल.

सर्वांत जास्त मोबदला सर्वांत कठीण माणसासाठी असावा: घराने टाकलेली बाई, दारूत बुडालेला तरुण, ज्याच्या जमातीवर दीडशे वर्षांचा शिक्का आहे असा मुलगा. तो उभा राहिला तर संस्थेला दुप्पट मिळो. जिल्ह्याला तुरुंगाच्या वाचलेल्या खर्चातला ठराविक वाटा मिळावा, म्हणजे कोर्ट, पोलीस, जिल्हा परिषद आणि संस्था एका टेबलाशी बसतील. पीडिताला भरपाई किती मिळाली हेही निकालात धरावे. ज्याची सायकल चोरीला गेली, ज्याच्या दुकानाचे कुलूप तुटले, त्याच्याकडे पाठ फिरवून केलेली सुधारणा अर्धवट आहे, आणि परिविक्षा कायद्याचे पाचवे कलम ते काम कधीपासून सांगते आहे. आणि हे सगळे आकडे, यशाचे तसेच अपयशाचे, दरवर्षी जिल्हावार मराठीत छापून लोकांसमोर यावेत.

इतके सगळे केले तरी एक कंत्राटदार उरतो. त्याच्याशी करार करता येत नाही, त्याचे बिल अडवता येत नाही, त्याला काळ्या यादीत टाकता येत नाही. तो म्हणजे आपण.

परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाला काम मिळवून द्यायचे म्हटले, तर काम देणारा कोण? किराणा दुकानदार, गॅरेजवाला, बिल्डर, हॉटेलमालक. ‘केस’ हा शब्द कानावर पडला की ते मान हलवतात. सुटून आलेल्याला खोली देणारा कोण? गृहनिर्माण संस्थेची समिती. तिने ठराव करून ठेवलेला असतो. त्याच्या बहिणीचे स्थळ मोडणारे कोण? नातेवाईक. त्याच्या पोराला शाळेत ‘चोराचा मुलगा’ म्हणणारे कोण? आपलीच मुले, आणि ते शब्द ती आपल्याच तोंडून शिकतात. अटक झाली तेव्हा वर्तमानपत्राने नाव-गाव-फोटोसकट बातमी दिली. निर्दोष सुटला तेव्हा चार ओळी आल्या नाहीत. मग तो पुन्हा त्याच टोळीच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला की आपण म्हणतो, ‘बघा, सांगत नव्हतो?’ त्याला जवळ करणारी तेवढी एकच जागा आपण शिल्लक ठेवली होती.

आखातातले मराठी लोक यातून सुटलेले नाहीत. इथे नोकरी मिळवायला पोलीस क्लिअरन्सचा कागद लागतो असे अनेक मालक म्हणतात. २०१८ साली तर इथल्या सरकारने फेब्रुवारीपासून कामाच्या व्हिसासाठी सगळ्यांनाच चांगल्या वर्तनाचा दाखला सक्तीचा केला होता आणि एप्रिलपासून ती सक्ती थांबवली. गावच्या भांडणात नाव गोवलेल्या, बंधपत्रावर सुटलेल्या आणि नंतर दहा वर्षे सरळ वागलेल्या वेल्डरचे काय होते? १९५८ च्या कायद्याचे बारावे कलम म्हणते, परिविक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्याची अपात्रता चिकटता कामा नये. ठाण्यातल्या वहीत मात्र ओळ तशीच असते आणि कागदावर शेरा येतो. कायद्याने पुसलेला डाग कारकुनाच्या हाताने पुन्हा उमटतो. आणि इथे खोलीत बसून त्याच मुलाचा अर्ज बघणारा मराठी सुपरवायझर म्हणतो, ‘कशाला भानगड?’ मायदेशातल्या गरिबीवर गणपतीच्या मंडपात हळहळणारे आपण, दारात आलेल्या एका माणसासाठी मात्र एक सही करायला तयार नसतो. या नाकर्तेपणाला आपण सावधगिरी म्हणतो. मी त्याला भित्रेपणा म्हणतो.

कुणी म्हणेल, गुन्हेगाराची एवढी काळजी आणि सरळ मार्गाने जगणाऱ्याची नाही? हा प्रश्न रास्त वाटतो, पण तो उलटा ठेवून पाहा. सुटलेला माणूस शेवटी राहतो कुठे? सरळ मार्गाने जगणाऱ्याच्याच शेजारी. तो पुन्हा चोरी करील तर तुमच्याच घरी करील, पुन्हा चाकू काढील तर तुमच्याच मुलावर काढील. त्याच्या सुधारणेचा पैसा वाचवला म्हणून तुमचा खिसा जड होत नाही. पुढच्या गुन्ह्याची, पुढच्या खटल्याची आणि पुढच्या बराकीची किंमत तुम्हीच भरता. फरक इतकाच, की ती किंमत तुम्हाला पावती न देता वसूल केली जाते.

म्हणून वाचकांकडे तीन गोष्टी मागतो. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा, आमच्या जिल्ह्यात परिविक्षेवर किती माणसे सुटली आणि त्यांतली किती दोन वर्षांनंतर कामावर आहेत? त्याला उत्तर देता आले नाही, तर ते मिळवून आणायला सांगा. तुमच्याकडे दुकान, कारखाना, गॅरेज किंवा शेत असेल, तर जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याला जाऊन भेटा आणि एका माणसाला काम द्या. फुकट नको, पूर्ण मजुरीवर, इतरांइतक्याच शिस्तीने. आणि तुम्ही आखातात कुणाचा अर्ज पाहत असाल, तर जुन्या शेऱ्याच्या आधी त्याची मधली दहा वर्षे वाचा.

सरकारने पैसा सुधारणेशी बांधावा, हे मी शंभरदा म्हणेन. पण ज्या समाजाला आपल्यातला एक माणूस परत घ्यायचा नाही, त्याला सरकारकडे सुधारणेचा हिशेब मागण्याचा अधिकार नाही. तो अधिकार आधी कमवावा लागेल, आणि त्याची सुरुवात एका माणसाला आपल्या उंबऱ्याच्या आत घेण्यापासून होते.